मूत्रपिंडाची कचेरी

महसूल खात्यात ३३ वर्षे चाकरी करून अव्वल कारकुनाच्या पदावरून मी निवृत्त झालो, त्या दिवशी हारतुऱ्यांच्या आडून जी भाषणे झाली त्यांतून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध झाली. ती ही की, माझ्या अंगी असलेल्या यच्चयावत ज्ञानाचा तालुक्याच्या हद्दीबाहेर कोणालाही काडीइतका उपयोग नव्हता. तेव्हा वयाच्या ७१ व्या वर्षी मानवी मूत्रपिंडाच्या कारभाराची छाननी करण्याचा प्रसंग माझ्यावर येईल, आणि ती करताना आवक-जावक, फेरफार, टंचाईचा अहवाल, अतिरिक्त कार्यभार ही माझी गंजलेली हत्यारे एकामागून एक बाहेर काढावी लागतील, असे त्या दिवशी कोणी भाकीत केले असते, तर सदर इसमाच्या डोक्याची तपासणी व्हावी असा शेरा मी आनंदाने मारला असता.

हा प्रसंग आणला आमच्या सूनबाईने. सूनबाई एका सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. ज्यांना हा शब्द अपरिचित असेल त्यांच्यासाठी खुलासा करतो. लोक जिला ‘सिस्टर’ म्हणून हाक मारतात ती शासनाच्या दप्तरी अधिपरिचारिका. तिच्यावर परिसेविका, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘इनचार्ज सिस्टर’. आणि सर्वांवर अधिसेविका, म्हणजे मेट्रन. यात ‘अधि’ सर्वांत खाली का आहे आणि सर्वांत वरही का आहे, याचा विचार ज्या कोणी केला असेल तो माझ्याच खात्यातून तिकडे बदलून गेला असावा. नवख्या माणसाने या उपसर्गांची थोडी जरी अदलाबदल केली तरी एकाच वाक्यात दोन बायांचा अवमान होतो, हे मी स्वानुभवाने सांगतो.

तर ही सूनबाई, जीएनएम करून १४ वर्षे रात्रपाळ्या-दिवसपाळ्या केल्यावर, मधल्या काळात पोस्ट बेसिकची पदवी घेऊन, चाळिशीच्या उंबरठ्यावर पदव्युत्तर परिचर्येच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमास बसली. अध्ययन रजा मंजूर होईपर्यंत जो पत्रव्यवहार झाला त्याची नस्ती जाडीला तिच्या क्रमिक पुस्तकापेक्षा थोडीशीच कमी भरली. परंतु ती हकीकत निराळी. येथे प्रश्न आहे तो प्रगत शरीरक्रियाविज्ञान आणि विकृतिशरीरक्रियाविज्ञान या विषयांचा. पैकी दुसरे नाव उच्चारण्यासच इतका प्राणवायू लागतो की विद्यार्थिनी त्यास ‘पॅथोफिजिओ’ म्हणून मोकळ्या होतात, आणि परीक्षा आठवड्यावर आली म्हणजे नुसते ‘पॅथो’. नाव किती आखूड झाले यावरून परीक्षेला किती दिवस उरले हे मला बिनचूक सांगता येऊ लागले होते.

अभ्यासाची वेळ रात्री साडेनऊनंतरची, म्हणजे भांडी घासून, ओटा पुसून, सकाळच्या डाळी भिजत घालून झाल्यावरची. पुस्तक धरून पाठ ऐकण्यासाठी कोणीतरी माणूस समोर हवा, हा तिचा हट्ट. पहिल्या रात्री हे काम आमच्या चिरंजीवांनी पतीच्या कर्तव्यभावनेने पत्करले. पण अकराव्या मिनिटाला ग्रंथ छातीवर उपडा ठेवून त्यांनी श्वसनक्रियेचे सशब्द प्रात्यक्षिक सुरू केले. आमच्या मंडळींनी ‘मला त्यातलं चित्र बघवत नाही’ असे सांगून अंग काढून घेतले. राहता राहिलो मी. ‘बाबा, तुम्हाला कळायची गरज नाही,’ सूनबाई म्हणाली, ‘मी चुकले की फक्त थांबवा.’ न कळणाऱ्या मजकुरात चूक शोधणे हाच ज्याचा ३३ वर्षांचा पेशा, त्यास याहून अनुरूप काम कोणते?

ग्रंथ गायटन नावाच्या अमेरिकन पंडिताचा. या गृहस्थाची हकीकत सूनबाईनेच सांगितली आणि ती ऐकल्यापासून मी ते पुस्तक मांडीवर घेण्यापूर्वी चष्मा पुसू लागलो. गायटन शल्यचिकित्सक व्हावयाचे, परंतु १९४६ साली ऐन शिक्षणात पोलिओने गाठले. उजवा पाय आणि दोन्ही खांदे अधू झाले. शस्त्र हातातून गेले तेव्हा त्यांनी लेखणी धरली, मिसिसिपी राज्यात जाऊन अध्यापन पत्करले आणि १९५६ साली हा ग्रंथ काढला, जो अद्याप नवनव्या आवृत्त्यांनी आमच्यासारख्यांच्या मांड्यांना बधिरता आणीत आहे. यांना अपत्ये दहा, आणि दहाच्या दहा डॉक्टर! एका चिरंजीवास वाणिज्य शाखेची पदवी मिळवून देताना माझी जी त्रेधा उडाली ती स्मरून मी त्या ग्रंथकारास मनोमन साष्टांग नमस्कार घातला. याच गायटनांनी १९७२ साली रक्ताभिसरणाच्या नियंत्रणाचा एक नकाशा प्रसिद्ध केला, ज्यात साडेतीनशेहून अधिक चौकोन परस्परांस रेषांनी जोडलेले आहेत. सूनबाईने तो मला दाखविला. मला वाटले, जिल्हा परिषदेच्या इमारतीचा विजेचा आराखडा चुकून पुस्तकात छापला गेला असावा.

माझा पहिला आक्षेप निघाला तो रक्त गोठण्याच्या प्रकरणात. रक्त गोठविणारे जे घटक आहेत त्यांस रोमन क्रमांक दिलेले आहेत. सूनबाई डोळे मिटून ते बोटांवर म्हणत होती, ‘फॅक्टर वन फायब्रिनोजेन, टू प्रोथ्रॉम्बिन...’ आणि पाचावरून तिने एकदम सातावर उडी घेतली.

‘थांब,’ मी म्हणालो. ‘सहा?’

‘सहा नाहीये, बाबा.’

‘नाहीये म्हणजे? गहाळ आहे?’

‘नव्हताच. आधी सहा म्हणून दिला होता, मग कळलं की तो पाचच आहे, कामाला लागल्यावरचा. म्हणून सहा रद्द.’

त्या क्षणी या शास्त्राविषयीची माझी सारी भीती मावळली. एकाच खातेदाराची दोन नावांनी नोंद होणे, पुढे चौकशीअंती ‘गणपत उर्फ गणू’ हा एकच इसम असल्याचे निष्पन्न होणे, आणि सबब दुसरी नोंद रद्द करून क्रमांक मात्र कायमचा रिकामा ठेवणे, हा प्रकार मी सातबाऱ्यावर किती वेळा निस्तरला असेल याची गणती नाही. पुढे असेही कळले की या घटकांचे क्रमांक त्यांच्या कामाच्या क्रमाने लाविलेले नाहीत. शेवटच्या टप्प्यात आधी दहा, मग पाचाच्या मदतीने दोन, आणि सरतेशेवटी एक, असा उलटा कारभार चालतो. का, तर ज्या क्रमाने हे घटक उजेडात आले साधारण त्या क्रमाने नंबर पडले. म्हणजे आमचे आवक रजिस्टर! शरीर परमेश्वराने घडविले असेल, मला वाद घालावयाचा नाही. परंतु त्याचे दप्तर कोणी लाविले आहे हे मी डोळे झाकून ओळखले.

तथापि माझे खरे चित्त जडले ते मूत्रपिंडावर. या इंद्रियाविषयी आपल्या समाजात बोलण्याची रीत नाही, आणि साहित्यात तर त्याला मज्जावच आहे. हृदयावर आजवर जितका कागद खर्ची पडला त्याच्या शतांशही मूत्रपिंडाच्या वाट्यास आला नाही. वस्तुतः हृदय म्हणजे एक उपसा पंप, आणि मूत्रपिंड म्हणजे संबंध तालुका कचेरी. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी १८० लिटर द्रव गाळतात. पंधरा लिटरचा हंडा धरला तर बारा हंडे! त्यांतून बाहेर पडते ते फक्त दीड लिटर. बाकीचे सारे तपासून, मोजून, जेथून आले तेथे परत. आम्ही कचेरीत १८० अर्ज छाननीस घेऊन त्यांपैकी दीड निकाली काढीत होतो आणि लोक आम्हांस नावे ठेवीत होते.

या कचेरीतील सर्वांत रमणीय प्रकरण म्हणजे रेनिनचे टपाल. ते सूनबाईला काही केल्या क्रमाने आठवेना. प्रश्न हमखास येणारा, गुण १५, आणि दर वेळी तिची गाडी फुफ्फुस आणि यकृत यांच्या दरम्यान घसरे. मी तिला म्हटले, ‘हे पाठ करू नकोस. हा पत्रव्यवहार आहे. कागद कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलाकडे गेला तेवढे सांग.’ मग आम्ही दोघांनी जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर तो मार्ग मांडला. रक्ताचा दाब उतरला की मूत्रपिंडाच्या दारावरचे पहारेकरी रेनिन सोडतात. हा झाला मूळ कागद. यकृताने अँजिओटेन्सिनोजेन नामक एक भलामोठा दस्तऐवज अगोदरच रक्तात फिरता ठेवलेला असतो. रेनिन त्याचा एक तुकडा कापून काढते, तो अँजिओटेन्सिन वन. पण त्याच्या अंगी अधिकार जवळजवळ नाहीत, सहीविना मसुद्यासारखा तो. त्यावर सही होते ती मुख्यत्वे फुफ्फुसात, एसीई नावाच्या विकराच्या टेबलावर, आणि तो होतो अँजिओटेन्सिन टू. मग मात्र हे महाशय हुजुरांच्या थाटात रक्तवाहिन्या आवळतात, आणि मूत्रपिंडाच्याच डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीस आज्ञा देतात. ती अल्डोस्टेरोन सोडते. आणि अल्डोस्टेरोनचा हुकूम येतो कोणाकडे? तर परत मूत्रपिंडाकडेच, की मीठ धरून ठेवा, म्हणजे पाणी आपसूक राहील. जो विषय मूत्रपिंडाने स्वतःच उपस्थित केला, तो यकृत, फुफ्फुस आणि शेजारची ग्रंथी अशी तीन खाती फिरून, उचित कार्यवाहीस्तव, मूत्रपिंडाच्याच टेबलावर परत! हे ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. सूनबाईस वाटले मला झोप येते आहे.

या नस्तीचा पूर्वेतिहासही तितकाच हृद्य आहे. रेनिनचा शोध लागला १८९८ साली स्टॉकहोम येथे; टिगरस्टेड आणि बर्गमन या दोघांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क सशास टोचून दाब चढतो असे दाखविले, आणि नंतर ते प्रकरण जे धूळ खात पडले ते थेट १९३४ साली गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या धमनीस चिमटा लावीपर्यंत. तीन तपे! पुढे अर्जेंटिनात आणि अमेरिकेत एकच पदार्थ एकाच सुमारास दोन ठिकाणी सापडला. अर्जेंटिनाकर त्यास हायपरटेन्सिन म्हणत, अमेरिकन अँजिओटोनिन म्हणत, आणि उभयपक्षी कोणीही हटेना. अखेर १९५८ साली तडजोड झाली. एकाच्या नावाचे डोके आणि दुसऱ्याच्या नावाचे धड जोडून ‘अँजिओटेन्सिन’. दोन वाड्यांची मिळून एक ग्रामपंचायत करताना नावाचा तंटा आम्ही याच युक्तीने मिटविला होता, आणि तेव्हा वरिष्ठांनी त्यास ‘हास्यास्पद’ असा शेरा मारला होता.

एवढे झाल्यावर सूनबाई हृदयाच्या अपयशाच्या प्रकरणाशी आली, आणि तेथे अडली. तिची अडचण रास्त होती. ‘बाबा, मला एक समजत नाही. पेशंटच्या पायाला सूज, फुफ्फुसात पाणी, आम्ही इनपुट-आउटपुट लिहून लिहून थकतो, लॅसिक्स देऊन पाणी काढतो. आणि त्याच वेळी त्याची किडनी आतून पाणी धरून ठेवत असते. इतकं पाणी दिसत असताना ती असं का करते?’

यावर मी जे सांगितले ते येथे प्रथमच जाहीर करीत आहे. संबंधित तालुक्याचे नाव घेत नाही. पावसाळ्यात कचेरीच्या आवारातील पर्जन्यमापकाची नोंद रोज सकाळी जिल्ह्यास कळवावी लागे. एका आषाढात सलग तीन दिवस आमच्या कारकुनाने ‘पर्जन्यमान: निरंक’ असे कळविले, मी त्यावर सही केली, आणि त्याच तीन दिवसांत नदी पात्र सोडून बाजारपेठेत शिरली. जिल्ह्याच्या कचेरीत आमच्या आकड्यांवरून टंचाई-निवारणाची पूर्वतयारी सुरू झाली होती. चौथ्या दिवशी खुलासा मागविणारी तार आली तेव्हा आम्ही छत्र्या घेऊन आवारात गेलो. पाहतो तो पर्जन्यमापकावर पत्र्याचा डबा उपडा घातलेला. नवीन शिपायास विचारले, तर तो हात जोडून म्हणाला, ‘साहेब, सरकारी यंत्र हाय, पावसात भिजून खराब व्हईल म्हनून झाकलं.’

सूनबाई हसून हसून टेबलावर डोके टेकून राहिली. मग एकाएकी उठून बसली. ‘म्हणजे हृदय दमलं, किडनीपर्यंत रक्त कमी पोचलं, तिच्या मापकावर डबा...’

‘शरीरात पूर,’ मी म्हणालो, ‘आणि मूत्रपिंडाच्या दप्तरी निरंक. सबब पाणी अडवा.’

‘आणि त्यात चूक कुणाचीच नाही!’

हे मात्र मी मान्य केले नाही, कारण तारेच्या खुलाशात मलाही तेच लिहावयाचे होते आणि ते ग्राह्य धरले गेले नव्हते. परंतु त्या रात्रीपासून सूनबाईचे पाठांतर संपले. पुढची प्रकरणे ती मला सांगू लागली, आणि सांगताना तिच्या तोंडी पुस्तकातील वाक्यांऐवजी माणसे येऊ लागली. खाटांचे क्रमांक, गावे, नातलग. ‘ऑर्थोप्निया’ या शब्दापाशी ती नेहमी अडखळे. आडवे झाले की दम लागणे, असा त्याचा अर्थ. पण १४ वर्षे ती वॉर्डात प्रत्येक म्हाताऱ्या बाईस विचारीत आली होती, ‘आजी, रात्री उशा किती लागतात?’ आणि आजी एक म्हणाली की निश्चिंत होत आली होती, तीन म्हणाली की डॉक्टरांना बोलावीत आली होती. एक आजी म्हणाल्या होत्या, ‘उशा कशाला गं, मी भिंतीलाच टेकते.’ त्या आजींस कोणता प्रकार होता हे सांगण्यास सूनबाईस कोणत्याही ग्रंथाची जरुरी नव्हती. जरुरी होती ती उत्तरपत्रिकेस, कारण दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या बाईने उशांचा हिशेब ग्रीक शब्दाने आणि इंग्रजी वाक्याने मांडल्याखेरीज त्यास गुण पडत नाहीत.

सुजेच्या प्रकरणात तिने मला खुर्चीवरून पाय पुढे करावयास लावले. माझ्या नडगीवर अंगठा टेकवून दाबला, मनाशी काही आकडे मोजले, अंगठा उचलला आणि खाली वाकून दिव्याच्या उजेडात त्या जागेकडे टक लावून पाहिले. खळगा राहतो का ते. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो भाव होता तो मी घरात कधी पाहिला नव्हता. घरात तिची नजर एकाच वेळी दुधावर, घड्याळावर आणि मुलाच्या दप्तरावर असते. मग मान वर करून ती म्हणाली, ‘निरंक.’

याच बैठकीत माझ्या खोकल्याचा निकाल लागला. चार महिने मला कोरडा, टोकदार, विशेषतः रात्री उठणारा खोकला होता. आमच्या मंडळींनी त्यावर ज्येष्ठमध, अडुळसा, हळद-दूध, आणि सरतेशेवटी ‘तुम्ही पंख्याखाली बसता’ हा आरोप, अशी सर्व उपाययोजना करून पाहिली होती. त्या रात्री सूनबाई रेनिनच्या टपालाची उजळणी करीत होती आणि मी मधून मधून खोकून तिला विरामचिन्हे पुरवीत होतो. ‘...एसीई अँजिओटेन्सिन टू तयार करतं, आणि तेच एसीई ब्रॅडिकायनिन मोडतं...’ येथे मी खोकलो, आणि ती थांबली.

‘बाबा, तुमची बीपीची गोळी कोणती?’

मी पाकीट आणून दाखविले. नावाच्या शेवटी ‘प्रिल’ होते.

मग तिने मला समजावून सांगितले, आणि ते मी एका झटक्यात समजलो, कारण सरकारी नोकरीत ज्याने अतिरिक्त कार्यभार सोसला आहे त्यास यात समजावयाचे काय उरते? फुफ्फुसातील त्या एका कारकुनाकडे दोन टेबले: एकावर अँजिओटेन्सिनवर सही करावयाची, दुसऱ्यावर ब्रॅडिकायनिनचा निपटारा करावयाचा. माझी गोळी त्यास सक्तीच्या रजेवर पाठविते. पहिल्या टेबलाचे काम थांबते, दाब उतरतो, हेतू सफल. पण दुसऱ्या टेबलावर ब्रॅडिकायनिनचे ढीग साचतात, आणि ते श्वासनलिकेत गुदगुल्या करीत बसते. शिवाय या गोळ्यांच्या कुळाचा मूळपुरुष ब्राझीलमधील जराराका नावाच्या सापाच्या विषाच्या अभ्यासातून निघाला, आणि १९८१ साली औषध म्हणून मान्यता पावला, असेही तिने ओघात सांगितले. ते ओट्यापर्यंत ऐकू गेले, आणि चार महिने मी मंडळींस न विचारता सापाचे विष खात होतो असा त्याचा अर्थ तिकडे लाविला गेला.

‘मग आजपासून बंद करू ही गोळी?’ मी विचारले.

‘नाही हं बाबा,’ सूनबाई म्हणाली. आतापर्यंत तास घेणाऱ्या प्राध्यापिकेसारखा असलेला तिचा आवाज एकदम वॉर्डातला झाला. ‘मनाने काही बंद करायचं नाही. डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. फक्त कोरडा खोकला आणि गोळीचं नाव, दोन्ही एकाच वाक्यात सांगा.’

ही भाषा माझ्या ओळखीची होती. ‘सदर प्रकरणी योग्य निर्णयास्तव सविनय सादर’ असे लिहून, निर्णय काय व्हावा हे मजकुरात अशा रीतीने गुंफावयाचे की वरिष्ठांस तो स्वतःच सुचला असे वाटावे, ही विद्या मी ३३ वर्षांत जेमतेम साधली होती. तिला ती १४ वर्षांतच साध्य झालेली दिसली. मी दुसऱ्या दिवशी दोन्ही गोष्टी एका वाक्यात सांगितल्या. डॉक्टर क्षणभर छताकडे पाहून म्हणाले, ‘अरे, मग ही गोळीच बदलू या,’ आणि ‘प्रिल’ जाऊन ‘सार्टन’ आले. हे औषध फुफ्फुसातील कारकुनास हात लावीत नाही. ते पलीकडच्या टोकास जाऊन अँजिओटेन्सिन टू चे आवक टेबलच अडवून बसते, म्हणजे हुकूम निघतो, पोहोचतोही, पण दाखल करून घेण्यास कोणी नाही. असले टेबल मी स्वतः अनेक वर्षे सांभाळलेले असल्यामुळे या गोळीविषयी मला विशेष आपुलकी वाटते.

तीन आठवड्यांत खोकला थांबला. सूनबाईची परीक्षा त्याच सुमारास झाली. टपालाचा प्रश्न आला होता, १५ गुणांना. पर्जन्यमापक घातलास का असे मी विचारले तेव्हा ती नुसती हसली. आमच्या मंडळींच्या दप्तरी मात्र खोकला बरा झाल्याची नोंद अडुळशाच्या नावे पडलेली आहे, आणि तो फेरफार रद्द करून मागण्याचे धाडस, गायटनची पुस्तके मांडीवर घेऊनही, मला अद्याप झालेले नाही.